वास कढईतच राहावा म्हणून

संत्र्याचा मुरंबा शिजत असला की जिना चढून येणारा प्रत्येक जण दारातच म्हणतो, "काय घमघमाट सुटलाय!" या कौतुकाने मला आनंद कमी आणि धाकधूक जास्त होते. जिन्यापर्यंत पोचलेला वास आता कढईत उरलेला नाही, हे उघड आहे. संत्र्याच्या सालीतल्या तेलात ९० टक्क्यांहून जास्त भाग लिमोनीन नावाच्या द्रव्याचा असतो. लहानपणी आपण एकमेकांच्या डोळ्यांत ज्याची चिळकांडी उडवायचो, दिवे गेल्यावर मेणबत्तीच्या ज्योतीवर साल पिळून ज्याच्या ठिणग्या काढायचो, ते हेच. उकळत्या पाण्याच्या वाफेबरोबर ते बिनबोभाट निघून जातं. तासा-दीड तासाने बरणीत जे पडतं ते गोड असतं, आंबट असतं, नीट जमलं असेल तर थोडं कडूही असतं. पण डोळे मिटून चाखायला दिलं तर "संत्रं" म्हणण्याआधी माणूस जरा घुटमळतो.

मुरंबा, साखरांबा, गुळांबा, मोरावळा या सगळ्यांत आपण चव टिकवतो. वासाचं काम वेलचीवर सोपवून आपण केव्हाच मोकळे झालोय. शिरा असो, श्रीखंड असो, बासुंदी असो की साखरांबा, शेवटी वेलचीपूड. फार तर जायफळ, आणि पाहुणे मोठे असले तर केशराच्या चार काड्या. वेलचीशी माझं काही वैर नाही. पण वेलची घातलेलं लिंबाचं गोड लोणचं मी एका लग्नघरी खाल्लंय आणि त्यात लिंबू शोधावं लागत होतं. उडून गेलेला वास परत आणायचा तर तो त्या फळाच्या नात्यातल्याच कशाने तरी आणावा, हे माझ्या डोक्यात फार दिवस घोळत होतं. ते नातं सापडलं पालेभाजीच्या ढिगाऱ्यात.

खरं तर नाशिकच्या माणसाने संत्र्यांवर लिहावं हेच जरा आगाऊपणाचं. आमच्याकडे फळ म्हटलं की द्राक्ष. निफाड-दिंडोरीकडे थंडी वाढली की आम्ही बागाईतदार नसतानाही बागांची काळजी करतो. संत्री विदर्भातून येतात, मोसंबी जालना-संभाजीनगरकडून, लिंबं नगर-सोलापूरकडून. आंबे बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे हातगाड्यांवर दिसायला लागतात आणि मृग बहाराची शिवरात्रीच्या सुमारास. मधल्या काळात द्राक्षांपुढे त्यांना कोणी विचारत नाही. हिरव्या पाल्याच्या बाबतीत मात्र आम्ही कोणाला हार जाणार नाही. कोथिंबीर, मेथी, शेपू, पुदिना यांचे लिलाव संध्याकाळी आटोपतात आणि गाड्या रात्रीत कसारा घाट उतरून मुंबईला जातात. उरलेलं आमचं. बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, बाजार भरतो. नाशिकमध्ये गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस बाहेरगावचा समजावा. त्या बाजारात पुदिन्याच्या जुड्या आणि गवती चहाच्या पेंढ्या इतक्या ताज्या मिळतात की पिशवीचा वास दोन दिवस जात नाही.

गवती चहाची गंमत अशी की त्याच्या तेलात साधारण ७० ते ८० टक्के सिट्रल असतं. आणि लिंबाच्या सालीला जो नेमका "लिंबाचा" वास असतो, तो ज्या द्रव्यांमुळे येतो त्यांतलं मुख्य हेच सिट्रल. सालीत ते थोडंच असतं, पण नाक ओळखतं तेवढ्यावरच. म्हणजे आपण रोज सकाळी चहात जी पात तोडून टाकतो तिच्यात लिंबाचा वास लिंबापेक्षा जास्त भरलेला आहे. हे कळल्यावर पुढचं आपोआप सुचलं. कढईतून लिंबू-संत्र्याचा जो वास उडाला, तो गवती चहाने भरून काढायचा.

पण आधी कढईकडे येऊ, कारण पान घालण्याची वेळ सगळ्यात शेवटी आहे आणि तोवरचं काम चुकलं तर पान काय करणार.

संत्र्याच्या सालीचा मुरंबा, ज्याला बाजारात मार्मालेड म्हणतात, त्याचा एक नियम मी सगळ्यांच्या वर ठेवते: साल पूर्ण मऊ होईपर्यंत साखर जवळ आणायची नाही. साखर पडली की साल मऊ होणं थांबतं. उलट ती चिवट होते. मग तासभर आटवा नाही तर दोन तास, दाताखाली चामडं येतं. बोटांत धरून दाबल्यावर पट्टी सहज तुटायला हवी, त्यानंतरच साखर. माझं माप १ किलो संत्री, ५-६ कागदी लिंबं, दीड लिटर पाणी आणि १ किलो साखर असं आहे. संत्री आधी कोमट पाण्यात घासून धुवायची, कारण हल्ली त्यांच्यावर मेणाची चकाकी असते. साल बारीक चिरून रात्रभर त्या दीड लिटर पाण्यात भिजवायची. सकाळी मंद आचेवर.

लिंबं कशाला, असं विचारलं जातं. आपलं नागपुरी संत्रं खायला लाख गुणाचं, सोलायला त्याहून. साल कशी अलगद सुटते! पण मुरंब्याच्या दृष्टीने ते फार सरळ फळ आहे. आम्लता कमी, आणि सालीखालचा पांढरा भाग जवळजवळ नाहीच. मुरंबा जेलीसारखा धरतो तो पेक्टिनमुळे, आणि पेक्टिन असतं त्या पांढऱ्या भागात, पापुद्र्यांत आणि बियांत. युरोपात मार्मालेडला जे सेव्हिलचं कडू संत्रं वापरतात त्यात हे सगळं भरपूर असतं. आपण ते लिंबाकडून उसनं घ्यायचं. संत्र्याच्या आणि लिंबाच्या सगळ्या बिया, रस काढल्यावर उरलेला लिंबाचा चोथा, हे मलमलच्या फडक्यात बांधून पुरचुंडी सालीबरोबर उकळायला सोडायची. निवल्यावर ती पिळली की बोटांना बुळबुळीत, दाट काहीतरी लागतं. तेच पेक्टिन. लोक बिया फेकून देतात आणि मग बाजारातून जेलीची पूड आणतात, याचं मला नवल वाटतं.

साखर विरघळली की आच मोठी. पुस्तकांत लिहिलेलं असतं की मिश्रण १०४ ते १०५ अंशांवर गेलं की मुरंबा धरतो. हे माप समुद्रकाठच्या लोकांचं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. इथे पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळतं. त्यामुळे आमचा मुरंबा १०२-१०३ ला तयार होतो. पुस्तकाप्रमाणे १०५ ची वाट बघणाऱ्या नाशिककराच्या बरणीत चमचा उभा राहतो. थर्मामीटर नसेल तर थंड बशीवर थेंब टाकून बोटाने ढकलून बघावं, त्याला सुरकुती पडली की झालं. डिसेंबरात त्यासाठी बशी फ्रिजमध्ये ठेवावी लागत नाही, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली तरी पुरते.

आता कडूपणा. अनेक जणी साल तीन-तीन पाण्यांतून उकळून, ते पाणी ओतून देऊन कडवटपणा काढतात. पपनसाच्या सालीला हे करावंच लागतं, तिचा कडूपणा सोसवत नाही. संत्र्याच्या सालीला मात्र मी करत नाही, आणि या मुद्द्यावर माझं सासरी-माहेरी कोणाशीही पटत नाही. कडू गेलं की उरतो तो साखरेचा चिकट पाक. आपण कारल्याच्या भाजीत गूळ घालतो तेव्हा कारलं धुऊन कडूपणा संपवत नाही, थोडा राखतोच. पाडव्याला वर्षाची सुरुवात कडुलिंबाचा कोवळा पाला आणि गूळ चावून करणारी माणसं आपण, आणि मुरंब्यातल्या चिमूटभर कडूला इतकं का घाबरावं? फक्त बिया फोडायच्या नाहीत. संत्र्याचा रस काढून ठेवला की थोड्या वेळाने कडवट लागतो, तो बिया आणि पापुद्र्यांतल्या एका द्रव्यामुळे. रसाच्या आंबटपणात ते हळूहळू कडू रूप घेतं. तो कडूपणा सालीच्या कडूपणापेक्षा वेगळा, घशाशी रेंगाळणारा. तो मलाही नको असतो.

भांड्याबद्दल एक सांगून टाकते. भांडी बाजाराच्या गावात राहून स्टीलच्या पातेल्यात मुरंबा करणं जिवावर येतं. पण पितळी पातेलं घ्यायचं तर कल्हई ताजी हवी. लिंबाचा रस आणि उघडं पितळ यांची गाठ पडली की मुरंब्याला कळकट चव येते, आणि ते पोटालाही चांगलं नाही. कल्हईवाल्याची आरोळी आता महिनोन् महिने ऐकू येत नाही. म्हणून स्टील.

गॅस बंद केल्यावर मुरंबा लगेच बरणीत भरायचा नसतो. भरला तर सालीच्या पट्ट्या वर तरंगतात आणि खाली नुसती जेली राहते. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की मिश्रण जरा दाटतं आणि पट्ट्या जागच्या जागी राहतात. ही दहा-पंधरा मिनिटं पानांची. गवती चहाची दहा-बारा पाती मुसळाने हलकीशी ठेचायची, त्यांची गाठ बांधायची, कढईत बुडवायची आणि वर घट्ट झाकण. वाफ झाकणाला लागून थेंब होऊन परत खाली पडते. ज्या वासाने जिन्यातल्या लोकांना बोलावलं असतं तो आता आतच फिरतो. मग गाठ उचलून टाकायची आणि गरम गरम भरायचं.

शेजारच्या काकूंनी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा त्या दारातच थबकल्या.

"अगं, संत्र्यात गवती चहा? कोणी आजारी आहे का घरात?"

"नाही काकू, मुरंबा करतेय."

"मग काढ्याचा वास का येतोय?"

काकूंचं बरोबर होतं. गवती चहा, तुळस, पुदिना, आलं ही मंडळी आपल्या घरात एकत्र येतात ती सर्दी-पडशाला. करोनाच्या काळात तर काढ्याने असा काही कहर केला की पुष्कळांना आजही त्या वासाने पोटात ढवळतं. हिरवं पान आपल्याकडे एक तर भाजीत, नाही तर औषधात. गोडाशी त्याची संगत फारशी नाही. कोकणात पातोळ्या हळदीच्या पानात उकडतात, तेवढं एक ठळक उदाहरण, पण आम्ही घाटावरचे. हळदीचं पान मिळवायला इथे ओळखीचा भाजीवाला लागतो.

आणि तरीही एक पान आपल्या गोडावर कायम असतंच. नैवेद्याच्या वाटीवर. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा मुदीतून पडतो तेव्हा एखाद्या घासाला तुळशीचं पान लागलेलं असतं. गरम तुपा-साखरेत ते मऊ पडलेलं असतं, आणि त्या एका घासाला लवंगेसारखा तिखटसर, हिरवा वास येतो. लवंगेसारखा का, तर दोन्हींत युजेनॉल हे एकच सुगंधी द्रव्य आहे म्हणून. लहानपणी तो घास ज्याच्या वाट्याला यायचा तो पान काढून बाजूला ठेवायचा किंवा भक्तिभावाने गिळायचा. चव म्हणून त्याचा विचार कोणी केला नाही. काकूंना मी हेच म्हटलं, की देवाला आपण गोडाबरोबर तुळस देतो, मग आपल्याच ताटात तिला औषध का ठरवायचं? काकू म्हणाल्या, "देवाला पचतं सगळं." आणि बरणी घेऊन गेल्या.

तुळस मी संत्र्याबरोबर वापरते, लिंबाबरोबर नाही. लिंबाच्या कडक आंबटात ती औषधीच लागते. वापरायची तीही बेताने. एका कढईला सहा-सात पानं खूप झाली, आणि ती द्वादशीला तोडायची नाहीत, हा आईचा नियम मी कारण न विचारता पाळते. तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत आंबे बहाराची संत्री नुकती सुरू झालेली असतात. ऊस, बोरं, आवळे, चिंचा वृंदावनाजवळ मांडतो तिथेच मी एक संत्रंही ठेवते.

पुदिन्याचं प्रकरण वेगळं. पुदिना घातलेला हिरवागार लिंबू मुरंबा दिसायला फार सुंदर होईल असं कोणालाही वाटेल, पण तो हिरवा राहत नाही. आंबट आणि उष्णता एकत्र आली की पानातल्या हरितद्रव्यामधलं मॅग्नेशियम निघून जातं आणि रंग खाकी होतो. लिंबू पिळून ठेवलेली चटणी दुसऱ्या दिवशी मलूल दिसते ती त्यामुळेच. मग लोक हिरवा रंग घालतात. मला ते मुळीच मान्य नाही. पुदिन्याला शिजवूच नये. त्याचे दोन उपयोग मला पटले आहेत. पहिला उन्हाळ्यात, लिंबाच्या सरबताच्या पाकात. साखरेचा पाक करून खाली उतरवायचा, त्यात मूठभर पुदिना टाकून झाकून ठेवायचा, पूर्ण निवला की पुदिना काढायचा आणि मग कच्चा रस घालायचा. रस आचेला दाखवायचाच नाही. आजी याबद्दल "वास मरतो" एवढंच सांगायची आणि विषय संपवायची. तिच्या लिंबाच्या पाकाला जो टवटवीतपणा असायचा त्याचं सगळं कारण त्या दोन शब्दांत होतं. मात्र असा पाक फ्रिजमध्येच ठेवावा आणि लवकर संपवावा.

दुसरा उपयोग गणपतीत. तेव्हा पपनसं येतात. पपनस सोलणं हे चिकाटीचं काम आहे आणि ते घरातल्या रिकामटेकड्या पुरुषांकडून करून घ्यावं. फोडींवरचा पापुद्रा निघाला की आत गुलाबी-पांढरे रसाळ कण. पुदिन्याची पानं साखरेबरोबर खलबत्त्यात कुटायची, साखर ओली हिरवी होते, आणि ती खायच्या आधी पाच मिनिटं फोडींवर भुरभुरायची. तासाभरात तिचा रंग उतरतो, म्हणून आयत्या वेळीच. मोदकांच्या जेवणानंतर हे वाढलं की ताटावरची सुस्तावलेली मंडळी जरा सरसावून बसतात. उरलेल्या जाड सालीच्या बोटभर पट्ट्या तीन पाण्यांतून उकळून पाकात मुरवल्या, सुकवल्या, की वर्षभर पुरतात. केकमध्ये आपण जे लाल-हिरवे तुकडे खातो ते कच्च्या पपईचे असतात. हे मात्र खरोखर फळाच्या सालीचे. महाळुंगाच्या सालीचे तर याहून सरस होत असणार, पण कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातलं हे फळ बाजारात माझ्या हाती अजून लागलेलं नाही.

मोसंबीचं काय, असं कोणी विचारेल म्हणून सांगते: मोसंबी आजाऱ्याला द्यावी. आंबट नाही, साल रुक्ष, वास मवाळ. पाकात गेली की तिचं नावही उरत नाही.

कोथिंबीरही मी गोडात घालत नाही. एका पंचतारांकित हॉटेलात कोथिंबीर घातलेलं लिंबाचं आइस्क्रीम खाल्लं होतं. सोबतच्या सगळ्यांनी वाहवा केली. मला सारखी कोथिंबीरवडी आठवत होती, आणि तिच्याबरोबर दही.

आच न लावता वास पकडण्याचा आणखी एक मार्ग मला या सगळ्यांत जास्त आवडतो. संत्र्याच्या सालीचा फक्त वरचा रंगीत थर बारीक किसणीवर किसायचा, पांढरं येऊ द्यायचं नाही. तो किस साखरेत घालून बोटांनी चोळायचा. साखरेचे कण सालीतल्या तेलाच्या पिशव्या फोडतात आणि तेल शोषून घेतात. साखर ओलसर आणि केशरी होते. ही साखर चक्क्यात घालून केलेलं श्रीखंड मी गेल्या पाडव्याला ताटात वाढलं. वेलची नाही, जायफळ नाही, फक्त ही साखर, चिमूटभर मीठ आणि वर लिंबाच्या गोड लोणच्याची एक जुनी, काळपट पडलेली फोड बारीक चिरून. जेवताना कोणी काही बोललं नाही. नंतर धाकट्या जावेने हळूच विचारलं, "वेलची संपली होती का, वहिनी?" पण भांडं तिनेच चाटूनपुसून घेतलं होतं, तेव्हा मी त्या प्रश्नाचं मनावर घेतलं नाही. हीच साखर मुरंब्यातही कामाला येते: ठरलेल्या साखरेतली चार चमचे अशी चोळून बाजूला ठेवायची आणि गॅस बंद केल्यावर, पानांबरोबर घालून ढवळायची.

यंदा डोक्यात मरवा आहे. अबोलीच्या आणि मोगऱ्याच्या गजऱ्यात मधूनच हिरवी काडी असते ना, ती. युरोपात तोच स्वयंपाकात वापरतात, मांसात, सुपात. आपण मात्र तो केसांत माळतो. बोटांत चुरडला की त्याला गोडसर, जरासा कापरासारखा वास येतो, आणि संत्र्याशी त्याचं जमेल असं माझं नाक म्हणतं. फूलबाजारातला मरवा कढईत घालायचा नाही, कारण फुलांवर कोणती औषधं फवारलेली असतात ते विचारायची सोय नसते. म्हणून कुंडीत लावला आहे. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, उद्या मोगऱ्याची भाजी करशील." मृग बहाराची संत्री यायला अजून वेळ आहे. तोवर मरवा वीतभर वाढला पाहिजे, आणि त्यासाठी त्याला रोज पाणी घालायची माझी सवय मोडायला हवी, कारण नर्सरीवाल्याने बजावून सांगितलंय की याची मुळं ओली राहिली की हा बसतो.